पगाराचा दिवस

जिनिंगच्या यंत्रात उजवा हात गेल्यापासून पर्वताबाईला सरकारच्या निराधार योजनेचा महिन्याचा पगार मिळत होता. सात वर्षं कोर्टात भांडल्यावर तिच्या खात्यात नुकसानभरपाई पडली आणि तहसीलच्या बाबूनं तिचं नाव यादीतून काढलं.

"भरपाईची रक्कम उत्पन्नात धरली, मावशी. आता तुम्ही निराधार नाही," तो म्हणाला.

भरपाईतून घरावर स्लॅब चढला. बाईचं नशीब उघडलं, असं गाव म्हणू लागलं. ती एकटीच राहायची. पगाराचा दिवस उजाडला, की तिचा जीव थाऱ्यावर राहत नसे.

नाव कटायच्या आधी दर महिन्याला त्या दिवशी तालुक्याला बँकेच्या ओट्यावर, तिच्यासारखाच पगार घ्यायला येणाऱ्या आंधळ्या गिरजाबाईशी तिची गाठ पडायची. नंबर लागेपर्यंत पर्वताबाई तिला पासबुक वाचून दाखवी आणि गिरजाबाई तिची वेणी घाली. एका हातानं वेणी घालता येत नाही, आणि शेजारणींना कितीदा म्हणावं? गिरजाबाईला मात्र कधी म्हणावं लागलं नाही.

दोन महिने तिनं कसेबसे काढले. तिसऱ्या महिन्यात पगाराच्या दिवशी सकाळच्या एसटीनं ती तालुक्याला गेली. गिरजाबाईनं तिचा आवाज लगेच ओळखला.

"तुहं नाव तं कटलं म्हणे. मंग काय काढाले आली वं?"

"काईच नाई," म्हणत पर्वताबाई तिच्याकडे पाठ करून बसली.

गिरजाबाईनं तिच्या केसांतून बोटं फिरवली. "किती गुतले वं, माय!" म्हणत ती हळूहळू एकेक बट सोडवू लागली. आतून गिरजाबाईचा नंबर पुकारला गेला. तिनं तो ऐकलाही, पण ती उठली नाही.