शिसवी टीपॉय

“टीपॉय न्हाई, कॉफी टेबल,” विजयश्रीनं दुकानदाराला सुधारलं. “जुन्या काळातलं पाहिजे. लाकूड खरं, वर जाड काच. नव्यालाच पॉलिश मारून जुनं म्हणून खपवत्यात, तसलं दाखवू नका.”

“बरं बाई,” गुरुशांतप्पा म्हणाला. पण त्याचं लक्ष तिच्याकडं नव्हतंच. तिच्या मागं उभ्या असलेल्या पद्माबाईसाठी तो खांद्यावरच्या फडक्यानं खुर्ची पुसत होता. “अक्का, बसा.”

विजयश्रीला हसू आलं. गिऱ्हाईक कोण, एवढंही या माणसाला कळत नव्हतं. सासूच्या अंगावर विटलेलं इरकली लुगडं, पायात रबरी चपला, आणि मान मात्र तिला!

खरं तर सासूला सोबत आणायचंच नव्हतं. पण सकाळी पद्माबाई तोंड धुऊन, पिशवी घेऊन दारातच उभी राहिली. “मी बी येते. काय घ्यायलीस बघू की.”

बघून काय कळणार होतं म्हातारीला? जन्म म्हशींच्या मागं गेलेला. नवरा गेल्यावर घरोघरी दूध घालून तिनं बसवकल्याणात जागा घेतली, घर बांधलं, हे खरं. पण विजयश्रीच्या मते त्या नुसत्या भिंती होत्या. त्यांना कळा आणली ती तिनं. पडदे तिनं निवडले, सोफा तिनं निवडला. आता हॉलमध्ये एकच गोष्ट डोळ्यांत खुपत होती, ती म्हणजे खिडकीखालची सासूची खाट. त्यावरची वाकळ आणि उशाची पानाची चंची. कलबुर्गीहून बहीण सुधारानी आली की सोफ्यावर अंग चोरून बसायची आणि नाकाला रुमाल लावायची. सणाला ती पुन्हा येणार होती.

गुरुशांतप्पानं पहिलं टेबल पुढं ओढलं. सागवानी, पायांवर वेलबुट्टी.

“हे शाळेतल्या मास्तरापुढं ठेवा.”

दुसऱ्याच्या कोपऱ्यांना पितळेच्या पट्ट्या होत्या. “मंगल कार्यालय उघडायलाव का आम्ही?”

तिसऱ्याची काच कडेला उडालेली होती. ते तिनं नुसतं बोटानंच बाजूला करायला सांगितलं.

पद्माबाईनं एका बुटक्या टेबलावर हात फिरवला. “हे बरं हाय की गं. खाली बसून च्या पिता येतंय.”

“खाली बसणाऱ्यांसाठी पाट असतेत, आत्या.”

काच पुसणारा गुरुशांतप्पाचा हात क्षणभर थांबला. पद्माबाईनं आपला हात काढून घेतला.

मग भिंतीला टेकवलेल्या जुन्या दारांच्या आडून ते निघालं. शिसवी, काळंभोर, गोल कातीव पाय. वरची काच इतकी जाड की तिच्या कडेला हिरवी झाक दिसत होती. विजयश्रीला ते बघताक्षणीच आवडलं. पण या माणसाला ते दाखवायची तिला गरज वाटली नाही.

“ठीक हाय. या सगळ्या कचऱ्यात त्यातल्या त्यात बरं.”

“थोरलं हाय बाई. कुठं ठेवताल?”

“हॉलमध्ये. खिडकीखाली.”

“तिथं तर अक्काची खाट हाय न्हवं?”

विजयश्री चमकली. “तुम्हाला कुणी सांगितलं?”

“अक्कांनीच.”

म्हणजे म्हातारी बाजारभर घरातली गाऱ्हाणी गात फिरते तर! विजयश्रीच्या कपाळाची शीर ताठली. आता झाकून तरी काय ठेवायचं होतं?

“खाट मागच्या पत्र्याच्या खोलीत जाणार हाय,” ती मोठ्यानं म्हणाली. “ठरलंय आमचं.”

पद्माबाईनं मान वर केली. “सुनील व्हय म्हनला?”

“मग? त्यांची माणसं येतेत घरी. त्यांना लाज वाटायलीय.”

तिचा नवरा सुनीलकुमार तसं काही म्हणाला नव्हता. मोबाईलमधून डोकं न काढता तो फक्त ‘कर तुला बरं वाटंल तसं’ एवढंच म्हणाला होता. पण त्याचा अर्थ तोच होता.

“मला काय बोलला न्हाई त्यो.”

“तुम्हाला काय विचारायचं त्यात?”

पद्माबाईनं पदर खांद्यावर ओढून घेतला. “खरं हाय. इचारायचं काय त्यात.”

“पत्रा उन्हाळ्यात लई तापतंय बाई,” गुरुशांतप्पा हलकेच म्हणाला. “वय झालंय अक्कांचं.”

“म्हशींसंगं जन्म काढलाय त्यांनी. गोठ्याची सवय हाय त्यांना.”

बाहेर हुलसूरची बस आचके देत निघून गेली.

“घे विजू,” पद्माबाई म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. “हेच घे, थोरलं. पुन्हा पुन्हा घेनं हुतंय का?”

विजयश्रीला बरं वाटलं. म्हातारीला शेवटी आपली पायरी कळली होती. उगाच कटकट होईल, रडारड होईल, म्हणून ती इतके दिवस हा विषय टाळत आली होती. एवढं सोपं असेल असं तिला वाटलं नव्हतं.

तिनं पर्स उघडली आणि दुकानदाराकडं वळली.

“रविवारच्या आत घरी पोचलं पाहिजे. काच वेगळी गुंडाळा. पायाला एक ओरखडा दिसला तरी तसंच परत पाठवीन. माणसं पाठवताना जरा धुतलेल्या कपड्यातली पाठवा, फरशी नवी हाय. घ्या, पत्ता लिहून घ्या.”

गुरुशांतप्पा जागचा हलला नाही. तो पद्माबाईकडं बघत होता.

“सांगा अण्णा,” पद्माबाई गुडघ्यावर हात टेकून उठली आणि तिनं पिशवी उचलली. “कदी तरी सांगावंच लागतंय.”

“बाई,” गुरुशांतप्पा म्हणाला, “ते घर अक्कांनी मला विकलंय. तुमी जिथं ऱ्हायला जायलाव, तिथला पत्ता द्या.”