खिंडीतली देवी

"अपघात आठवत राहा, दामूकाका. मोठ्यानं सांगा," डॉक्टर रेवती म्हणाली. आठवण जागी असली तरच पडद्यावर मेंदूतला तिचा ठिपका उजळायचा, मग सुई नेमकी तिथे औषध सोडायची आणि ती आठवण पुसून जायची. अपघात झालेल्या बस ड्रायव्हरांना हल्ली या सुईशिवाय पुन्हा गाडी मिळत नसे.

"धुकं होतं. घाट उतरत होतो. खिंड आली, अन् पुढच्या वळणावर एकदम टेम्पो!"

ठिपका लालभडक झाला. रेवतीनं बटण दाबलं आणि मग तिला काकांचा हात दिसला. खिंडीचं नाव निघताच तो सवयीनं कपाळाला लागला होता. पडद्यावर पहिल्या ठिपक्याला खेटून दुसरा चमकत होता. बघता बघता दोन्ही विझले.

दुसरा ठिपका कशाचा होता, ते रेवतीला कळलं. हा तिच्या माहेरचा घाट. खिंडीतल्या देवीला नमस्कार करायला तिथे प्रत्येक ड्रायव्हर गाडी हळू करतो, म्हणून तर पुढचं आंधळं वळण निभावतं.

यंत्रानं 'गाडी चालवण्यास योग्य' हा दाखला डेपोला परस्पर पाठवूनही दिला होता.

"काका," तिनं आवाज सांभाळत विचारलं, "खिंडीत देवीपाशी आलात की काय करता?"

"कुठली देवी?" काका हसले. किती दिवसांनी त्यांचा चेहरा असा मोकळा झाला होता. "तिथनं तर उतार लागतो, बाई. गाडी नुसती सोडून द्यायची."