पांढरी एकच्या खाली

हेमांगीने गिटारची सगळ्यात जाड तार छेडली आणि तिचं डोकंच सणकलं.

"जिनेशभाऊ, ही कुठली पट्टी लावलीय?"

"बरोबर लावलीय ना, ताई." जिनेश काउंटरमागून हसत म्हणाला. धुळ्यात आग्रा रोडवर त्याचं वाद्यांचं दुकान. विकायचंही तोच, दुरुस्त करायचंही तोच. "तुम्ही म्हणालात ते फारच खाली होतं. म्हटलं, सांगताना गडबड झाली असेल. मावशींच्या गाण्यासाठी पाहिजे ना? मग बायांना वरची, काळी चार लागते. मी नेहमीसारखी करून दिली. तारापण बारीक टाकल्या, बोटं दुखणार नाहीत."

म्हणजे वर उपकारच! आठवडाभर गिटार ठेवून घेतली, आणि जे सांगितलं त्यातलं काहीएक केलं नाही. पेटीची पांढरी एक, इतकी खाली तार उतरवायची, हे हेमांगीने याच काउंटरवर उभं राहून सांगितलं होतं. नुसती ढिली सोडली तर तार खडखडते, म्हणून जाड तारांचं पाकीट स्वतः आणून दिलं होतं. त्या तारा बसतील अशा खाचा कोरा, दांडीचा बाक सारखा करा, सगळं सांगितलं होतं. तेव्हा हा "हो ताई, हो ताई" करत होता.

तिची माय, प्रमिलाबाई, दाराजवळच्या स्टुलावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. दोघी शिंदखेड्याहून सकाळच्या बसने आल्या होत्या. उद्या गल्लीत कानबाई देवी बसायची होती आणि संध्याकाळी मांडवात माइकवर प्रमिलाबाईला गाणी म्हणायची होती. गेल्या वर्षीही म्हटली होती. पण की-बोर्डवाला भिकन काळी चारवरून हलला नाही. पट्टी बदलायला एक बटण दाबायचं होतं हो, एक बटण! "बायांची पट्टी हीच," म्हणाला. प्रमिलाबाईचा जाड आवाज वर चढता चढता फाटला, आणि देवीसमोर अख्खी गल्ली खी-खी करून हसली. त्यानंतर भाकरी थापतानासुद्धा तिने गाणं म्हटलं नव्हतं. शेवटी हेमांगीच म्हणाली होती, भिकन नको, कुणी नको, मी एकटी गिटार घेऊन बसते तुझ्याजवळ.

"जाऊ दे, हेमा," प्रमिलाबाई म्हणाली. "मी वर म्हनी लिसू. बठ्ठा जलम तठेच म्हनं."

"जन्मभर वर म्हटलं म्हणून काय मरेपर्यंत तिथंच म्हणायचं?"

"चिडू नका ताई," जिनेश मध्ये पडला. "बाईचा आवाज बाईसारखा लागला तरच चांगलं दिसतं ना."

झालं! हेमांगीने गिटार काउंटरवर आडवी टाकली.

"कुणी ठरवलं हे? गिटार माझी, गळा माझ्या मायचा, आणि ठरवणार तुम्ही? उद्या पायाचं माप न घेता चप्पल द्याल आणि म्हणाल, बाईचा पाय एवढाच असतो! ती बोलते तेव्हा ऐकलंत ना तिचा आवाज? कान कुठं ठेवले होते? काढा त्या तारा. आत्ता, माझ्यासमोर. आम्ही इथून हलत नाही."

जिनेशने खणातून जाड तारांचं पाकीट काढलं. ते फोडलेलंसुद्धा नव्हतं. तो कामाला लागला. कानस घेऊन खाचा रुंद केल्या, तारा चढवल्या, दांडीतला स्क्रू पिळून बाक बघितला, पुन्हा पिळला. हेमांगी कमरेवर हात ठेवून त्याच्या बोटांकडे बघत राहिली. मध्ये एक गिऱ्हाईक आलं आणि तिचा चेहरा बघून निघून गेलं.

अखेर त्याने सूर दाखवणारं मशीन गिटारच्या टोकाला चिमटवलं.

"घ्या. पांढरी एक."

हेमांगीने तार छेडली. खडखड नाही, काही नाही. दुकानाच्या काचा हलल्यासारखा भरदार सूर. तिचा राग जरा उतरला. "म्हण, माय."

प्रमिलाबाईने कानबाईचं गाणं धरलं. पहिली ओळ नीट गेली. दुसरी वर गेली तशा तिच्या मानेच्या शिरा ताठल्या, डोळे मिटले, हात पदराकडे गेला. गेल्या वर्षी मांडवात अगदी असाच गेला होता.

"थांब, थांब. आता काय झालं? तुझ्यासाठीच तर पांढरी एक ठरवली मी!"

"ठरवं ना तू." प्रमिलाबाईने पदर सोडला. "तूबी माले कोठे इचारं?"

जिनेश खाली मान घालून काउंटरवरचा कानशीचा भुगा पुसत राहिला. मघापासून दुकान डोक्यावर घेतलेल्या हेमांगीने स्वतःच्या हाताने ते मशीन काढलं आणि बाजूला ठेवलं.

"तुला जिथं बरं वाटतं तिथं म्हण, माय. तार आम्ही आणतो तिथं."

प्रमिलाबाई पिशवी खाली ठेवून उभी राहिली. तिने एकच सूर धरला. जिनेशने खुंटी पिळली.

"आखो खाले."

त्याने अजून पिळली. "मावशी, इतक्या खाली कुणी बाई—"

"आखो," प्रमिलाबाई त्याच्याकडे न बघता म्हणाली आणि पुन्हा सूर लावला.

हेमांगी तार छेडत राहिली, जिनेश खुंटी सोडत राहिला. मग एका क्षणी तार कुठली आणि माय कुठली, ते कळेना. "इथंच का, माय?" हेमांगीने विचारलं. प्रमिलाबाईने हात वर केला.

"बस. आठेच शे मी."