तीनदा ऐकलेला अल्बम

पेपरात तिच्या पहिल्यावहिल्या रॉक अल्बमचं परीक्षण आलं होतं. ‘कानसेन’ टोपणनावानं कुणीतरी तिची सालटी काढली होती. “मनावर घेऊ नकोस गं, वेडाबाई! हे लोक शिंकेचंसुद्धा परीक्षण लिहितील,” दादा म्हणाला. ती हसली. पहिली गिटार तिच्या हातात त्यानंच दिली होती. मग तिनं पेपर पुढ्यात ओढला. ‘आईवरच्या गाण्याचं शेवटचं कडवं निव्वळ रडगाणं.’ तिनं हातातला घास परत ताटात ठेवला. ते कडवं तिनं रेकॉर्डिंगच्या आधीच काढून टाकलं होतं. त्यापूर्वी एकदाच गायलं होतं, याच टेबलापाशी, एकट्या दादासमोर. “दादा, अल्बम ऐकलास ना?” “तीनदा! तोंडपाठ झालाय.” तिनं ते गाणं लावलं. गाणं संपलं, तरी शेवटचं कडवं अजून यायचंय अशा थाटात दादाची मान डोलतच राहिली. तेवढ्यात दुसऱ्या गाण्याचे ड्रम वाजले. “झोडायचंच होतं, तर निदान ऐकून तरी झोडायचंस, दादा.”