चिरलेली रिंग
औषध कारखान्यातल्या टाकीच्या गोल काचेत काल गुलाबी दिसणारं पाणी आज पिवळं पडलं होतं. त्यात वाढणाऱ्या पेशींमध्ये जंतू शिरले होते. त्या पेशींपासून बनणाऱ्या औषधावर टाकी सांभाळणाऱ्या कामगाराची बायको तग धरून होती आणि घरी शेवटची कुपी उरली होती. साहेबांनी नळीचा सांधा उघडून चिरलेली रबरी रिंग त्याच्या तळहातावर ठेवली. “एवढी चीर कुणालाच दिसली नाही?” त्याला दिसली होती. पण रिंग बदलायची तर टाकी पुन्हा वाफेनं शुद्ध करावी लागली असती आणि औषध लांबलं असतं. “आता सोडा वाफ. सगळंच मारायचं,” साहेब म्हणाले. तेवढ्यात फोन वाजला. “अहो, तुमचं टाकीतलं बाळ मोठं झालं का?” बायकोनं थट्टेनं विचारलं. “थोडं थांबावं लागेल गं.” “थांबते की. मला कुठं जायचंय?” रिंग मुठीत आवळून त्यानं वाफ सोडली.