परातीतलं आभाळ

हथखोजच्या कारखान्यात बळीरामने बत्तीस वर्षं छताखालची क्रेन चालवली. वितळलेलं लोखंड इकडून तिकडे नेताना सारखं खाली पाहायचं. मान तशीच राहून गेली. मे महिन्यातल्या त्या पहाटे उल्का दाखवायला पोरीने गच्चीवर आणलं, तर त्याला वर बघताच येईना. मग प्रेरणाने कॅमेरा आभाळाकडे लावला आणि बापापुढे पाण्याने भरलेली परात ठेवली.

“यात पाहा, बाबा.”

“झोपू दे ना बेटा. थकून गेलो.”

तेवढ्यात परातीतून एका उल्केची लखलखती रेघ सरकन निघून गेली.

“फोटो आला. तुमाले दिसली का?”

बळीरामची मूठ हवेतल्या हवेत क्रेनचा दांडा मागे ओढत होती.

“बेटा,” त्याने हळूच विचारलं, “खाली कोनी उभं नव्हतं ना?”