काचेतली भरती

देवळाली प्रवराच्या शाळेतले विज्ञानशिक्षक एलियामास्तर यांच्या घरी काचेच्या बरणीत समुद्रातला एक जिवंत स्पंज होता. आरमारात असलेल्या थॉमसने, त्यांच्या मुलाने, तो सुट्टीवर येताना आणला होता. लढाई सुरू होती आणि चार महिने थॉमसचे पत्र नव्हते.

समुद्र सह्याद्रीपलीकडे; तरीही बरणीतले पाणी दिवसातून दोनदा बोटभर चढे आणि उतरे. मास्तरांनी काचेवर खुणेची पट्टी चिकटवली होती. कारण मात्र त्यांना सापडले नव्हते.

एप्रिलच्या उन्हात स्पंजावर पांढरे चट्टे पडले आणि त्याचे अंग कुजून गळू लागले. पाण्याचे चढणे-उतरणेही थांबले.

"पाणी आटलं की मी मिठाचं पाणी घालत हुते," त्यांच्या पत्नी मार्थाबाई म्हणाल्या. "समुद्राचा जीव ना तो."

"अगं, आटतं ते पाणी. मीठ आतच राहतं. ही काहिली, त्यात दुप्पट खार. कसा तगेल तो?"

मास्तरांनी बरणीला ओले गोणपाट गुंडाळले आणि रोज थोडे साधे पाणी मिसळले. अकराव्या दिवशी स्पंजाने चट्ट्यांच्या कडेने नवी, पिवळसर कांती धरली.

दुपारी दोघांची ताटे मांडताना मार्थाबाई हळूच म्हणाल्या, "अहो, चढतंय."

पाणी पट्टीला लागले, पट्टी ओलांडून वर गेले, आणि थांबेना.

"जहाज भरतीलाच बंदरात शिरतं, असं म्हणायचा ना आपला थॉमस?"

पाणी काठाशी आले, तेव्हा मास्तरांनी उठून स्वतःच्या हाताने तिसरे ताट मांडले.